अंगावर काढू नये असे दुखणे

डॉ. रखमाबाई राऊत यांचे नाव बहुतेकांना ठाऊक असते ते त्यांच्या खटल्यामुळे. १८६४ साली मुंबईत जन्मलेल्या रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी लावून दिले गेले. मोठ्या झाल्यावर त्यांनी सासरी जायला नकार दिला, तेव्हा पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये दावा लावला. नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात, असा निकाल १८८७ मध्ये लागला. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. पुढच्या वर्षी पैसे देऊन तडजोड झाली.

सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्यामुळे घरात वैद्यकाचे वातावरण होते. कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची-फिप्सन यांनी पाठबळ दिले. १८८९ मध्ये रखमाबाई लंडनला गेल्या आणि १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. पुढे सुरत आणि राजकोटच्या स्त्रियांच्या रुग्णालयांत त्यांनी सुमारे पस्तीस वर्षे सेवा केली. पुरुष डॉक्टरांसमोर बोलायला संकोचणाऱ्या बायकांना त्यामुळे मोकळेपणाने बोलण्याची जागा मिळाली. १९५५ मध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आज स्त्री डॉक्टर सहज भेटतात, संकोच मात्र गेलेला नाही. योनीमार्गातील बुरशीचा संसर्ग हे त्याचे ठळक उदाहरण. कॅन्डिडा ही बुरशी तिथे थोड्या प्रमाणात असतेच. उपयुक्त जिवाणू तिला आवरतात. प्रतिजैविके, वाढलेली साखर, गरोदरपण किंवा सततचा ओलावा यांमुळे हा तोल बिघडतो. मग खाज, आग आणि दह्यासारखा पांढरा स्राव सुरू होतो.

वसईजवळच्या गाससारख्या किनाऱ्याच्या गावांत पावसाळ्यात कपडे लवकर वाळत नाहीत. त्यातच अंतर्वस्त्रे कुणाला दिसू नयेत म्हणून साडीखाली वाळत घातली जातात आणि दमट राहतात. ती सुती असावीत, उघड्यावर, शक्यतो उन्हात वाळवावीत. वाडीतून भिजून आल्यावर कपडे लगेच बदलावेत. योनीच्या आत साबण, सुगंधी द्रव्ये किंवा जंतुनाशक वापरू नये; बाहेरून साधे पाणी पुरते. प्रतिजैविके डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत, मधुमेह असल्यास साखर आटोक्यात ठेवावी.

अशीच लक्षणे इतर संसर्गांतही दिसतात. म्हणून दुकानातून मलम आणण्याआधी तपासून घ्यावे. गरोदर स्त्रीने किंवा वारंवार त्रास होणाऱ्या स्त्रीने तर नक्कीच.