कंपनीनं बंद करायला लावलेली वाईन त्यानं तळघरात लपवून बनवली, आज तीच ऑस्ट्रेलियाची ओळख आहे

ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड शहरातून गाडी काढली की तासाभरात बरोसा व्हॅली येते. शनिवार-रविवारी इथं पर्यटकांची गर्दी असते. कार्यक्रम ठरलेला. एका वायनरीतून दुसऱ्या वायनरीत जायचं. ग्लासात घोटभर वाईन घ्यायची, उजेडात धरून रंग बघायचा, ग्लास गोल फिरवून वास घ्यायचा, घोट तोंडात घोळवायचा आणि दिवसभर शुद्धीत राहायचं असेल तर तो शेजारच्या भांड्यात थुंकून टाकायचा.

याला म्हणतात वाईन टेस्टिंग. दोन मिनिटांत निकाल लागतो. आवडली तर बाटली घ्यायची, नाहीतर पुढची वायनरी गाठायची.

याच बरोसात जन्मलेल्या एका माणसाच्या वाईनचा निकालही असाच टेस्टिंगमध्ये लागला होता. मोठमोठ्या जाणकारांनी ती चाखली आणि नापास केली. कंपनीनं लेखी आदेश काढला की हा प्रकार ताबडतोब थांबवा. माणूस नोकरदार होता, कंपनी त्याच्या बापाची नव्हती. तरी त्यानं आदेश पाळला नाही.

त्या माणसाचं नाव मॅक्स शुबर्ट आणि त्या वाईनचं नाव ग्रेंज.

मॅक्सचा जन्म ९ फेब्रुवारी १९१५ चा, बरोसातल्या मोकुल्टा नावाच्या छोट्या गावातला. आडनावावरून लक्षात येईल की घराणं मूळचं जर्मन. धर्मावरून होणाऱ्या जाचाला कंटाळून जर्मन भाषिक लुथरन कुटुंबं १८४० च्या दशकात इथं येऊन स्थायिक झाली. त्यांनी चर्च बांधली, शेती केली आणि द्राक्षमळे लावले. मॅक्स लहान असताना पहिलं महायुद्ध पेटलं होतं. जर्मनी शत्रू ठरला आणि दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या सरकारनं कितीतरी जर्मन गावांची नावं बदलून टाकली. मॅक्सचं बालपण हे असं.

१९३१ साली, जगभर महामंदी असताना पोरगं कामाला लागलं. नुरीऊटपा गावात पेनफोल्ड्स या वाईन कंपनीत निरोप्या म्हणून. टपाल आणणं, सांगितलेली कामं करणं, घोड्यांचं बघणं, असं सगळं. वाईन बनवण्याशी त्याचा थेट संबंध नव्हता.

पण पोरगं चुणचुणीत होतं. पुढं त्याला कंपनीच्या मॅगिल इथल्या वायनरीत पाठवण्यात आलं. मॅगिल म्हणजे ॲडलेडला लागूनच. १८४४ मध्ये डॉ. ख्रिस्तोफर पेनफोल्ड आणि त्यांची बायको मेरी यांनी इंग्लंडहून येऊन इथंच पहिल्या वेली लावल्या होत्या. डॉक्टरसाहेब पेशंट तपासायचे आणि मळा अन् वाईनचं काम मेरी बघायची. त्यांच्या घराचं नाव होतं ग्रेंज. हे नाव पुढं कामाला येणार आहे, लक्षात ठेवा.

मॅगिलमध्ये मॅक्स प्रयोगशाळेत मदतनीस झाला. दिवसा काम आणि संध्याकाळी केमिस्ट्रीचे क्लास. मग दुसरं महायुद्ध आलं. जर्मन वंशाचा मॅक्स ऑस्ट्रेलियाच्या सैन्यात भरती झाला. ग्रीस, क्रीट, मध्यपूर्व आणि शेवटी न्यू गिनी असं फिरून, मलेरिया घेऊन तो परत आला. १९४८ मध्ये पेनफोल्ड्सच्या वाईन बनवण्याची सगळी जबाबदारी त्याच्याकडं आली. तेव्हा तो ३३ वर्षांचा होता. निरोप्या म्हणून लागलेला माणूस १७ वर्षांत तिथवर पोचला होता.

आता त्या काळातल्या ऑस्ट्रेलियन वाईनबद्दल थोडं. आज शिराझ, कॅबरने ही नावं आपल्याकडं नाशिकच्या वायनरीतही ऐकू येतात. पण तेव्हा ऑस्ट्रेलियात खप होता तो पोर्ट आणि शेरीचा. या गोड, जड वाईन. त्यात वरून स्पिरिट मिसळलेलं असायचं, त्यामुळे नशाही जास्त आणि टिकायलाही सोप्या. जेवणासोबत घ्यायची साधी लाल वाईन फार कमी लोक प्यायचे. वर्षानुवर्षं जपून ठेवायची लाल वाईन ऑस्ट्रेलियात बनू शकते, असं कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

१९५० मध्ये कंपनीनं मॅक्सला युरोपला पाठवलं ते याच शेरी-पोर्टसाठी. स्पेनमध्ये शेरी कशी बनवतात आणि पोर्तुगालमध्ये पोर्ट कशी बनवतात, हे बघून यायचं होतं. पण मॅक्स वाट वाकडी करून फ्रान्समधल्या बोर्डो भागात गेला.

इथं त्याची गाठ पडली ख्रिश्चन क्रूझ यांच्याशी. वाईन व्यापारातलं मोठं प्रस्थ. त्यांनी मॅक्सला ४०-५० वर्षं जुन्या लाल वाईन चाखायला दिल्या. अर्ध्या शतकापूर्वीची वाईन अजून जिवंत आहे, तिला वास आहे, चव आहे, हे बघून मॅक्स थक्क झाला. परतीच्या प्रवासात त्याच्या डोक्यात एकच विषय होता. निदान २० वर्षं टिकेल अशी लाल वाईन आपल्या देशात बनवायची.

अडचणी होत्याच. बोर्डोची वाईन मुख्यतः कॅबरने आणि मर्लोच्या द्राक्षांपासून बनते. दक्षिण ऑस्ट्रेलियात मर्लो मिळत नव्हती आणि कॅबरने होती ती अगदी थोडी. शिराझ मात्र भरपूर होती. फ्रेंच ओक लाकडाची बॅरल मिळणंही कठीण होतं, अमेरिकन ओकची मिळत होती. मग मॅक्सनं नक्कल करायचा नाद सोडला. जे हाताशी आहे त्यातूनच करायचं ठरवलं.

ऑस्ट्रेलियात द्राक्षांची तोडणी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये होते. त्यामुळे परत आल्या आल्या १९५१ च्या हंगामात त्यानं प्रयोग केला. मॅगिल आणि दक्षिणेकडच्या मॉर्फेट व्हेल इथली शिराझ निवडली. लाल वाईनला रंग आणि तुरटपणा येतो तो द्राक्षाच्या सालीतून. म्हणून साली रसाबाहेर तरंगू नयेत यासाठी टाकीत वरून लाकडी फळ्या बसवल्या. रस झटपट आंबू दिला नाही. तापमान आवरून ती क्रिया १२ दिवस चालवली, म्हणजे सालीतलं सगळं सावकाश रसात उतरेल. मग ही वाईन प्रत्येकी साधारण ३०० लिटरच्या पाच कोऱ्या ओक बॅरलमध्ये भरली. तुलनेसाठी तशीच वाईन एका मोठ्या जुन्या पिंपात नेहमीच्या पद्धतीनं ठेवली.

नाव दिलं मेरी आणि ख्रिस्तोफर पेनफोल्ड यांच्या घराचं, ग्रेंज. त्यापुढं हर्मिटेज जोडलं, कारण शिराझला तेव्हा तिकडं हर्मिटेजही म्हणायचे.

१९५१ ची वाईन विकलीच नाही. थोड्याच बाटल्या होत्या, त्या ओळखीपाळखीत वाटल्या गेल्या. १९५२ पासून जास्त प्रमाणात बनवायला सुरुवात झाली. दरवर्षी माल बनत होता, पण बाजारात घाईनं आणायचा नव्हता. तळघरात बाटल्यांच्या राशी वाढत गेल्या. हजारो बाटल्या म्हणजे अडकून पडलेला पैसा. सिडनीतल्या मुख्य कार्यालयाला प्रश्न पडू लागला की हा माणूस नक्की करतोय काय?

शेवटी १९५६ मध्ये मॅक्सला बोलावणं आलं. १९५१ ते १९५६ पर्यंतच्या सगळ्या ग्रेंज घेऊन सिडनीला या. तिथं कंपनीचे वरिष्ठ, वाईन क्षेत्रातली नावाजलेली मंडळी आणि संचालकांचे मित्र जमले होते. टेस्टिंग सुरू झालं.

निकाल भयंकर होता. जवळपास कुणालाच वाईन आवडली नाही. कुणी म्हणालं, ही साखर काढून घेतलेली पोर्ट आहे आणि शहाणा माणूस ही विकत घेणार नाही. कुणाला तिच्यात रानातल्या फळांसोबत चिरडलेल्या मुंग्यांची चव लागली. मॅक्स तिथंच उभा राहून हे सगळं ऐकत होता. ॲडलेडला परतल्यावर तिथल्या लोकांनाही चाखायला दिली, तर तिथंही तेच.

हे लोक अडाणी होते का? तर नाही. त्यांची जीभ खोटंही बोलत नव्हती. सालीतून भरपूर तुरटपणा उतरलेली, कोऱ्या लाकडात ठेवलेली अशी वाईन तरुणपणी कडक आणि खरखरीतच लागते. बाटलीत वर्षं गेली की तो तुरटपणा हळूहळू मऊ होतो आणि खालची चव वर येते. मॅक्सनं २० वर्षांचा हिशेब धरून बनवलेली वाईन लोक दोन-चार वर्षांतच चाखून बघत होते. फरक एवढाच होता, पण तो समजावून सांगायला मॅक्सकडं एकही २० वर्षं जुनी बाटली नव्हती. असणार कुठून?

१९५७ चा हंगाम तोंडावर आला आणि सिडनीहून लेखी आदेश आला. ग्रेंजचं उत्पादन बंद करा.

मॅक्सपुढं दोन पर्याय होते. आदेश पाळला असता तर नोकरी, पगार, पद सगळं शाबूत राहिलं असतं. मोडला आणि पकडला गेला असता तर १५-१६ व्या वर्षापासून जिथं घाम गाळला, ती जागा गेली असती.

त्यानं आदेश मोडला. पण एकट्यानं नाही. ॲडलेडमध्ये कंपनीचा कारभार बघणारे जेफ्री पेनफोल्ड हायलँड हे मालकांच्याच घराण्यातले होते. त्यांनी मॅक्सला पाठीशी घातलं. सिडनी हजारभर किलोमीटर लांब होतं, वरिष्ठ रोज येऊन तळघर तपासणार नव्हते. १९५७, १९५८ आणि १९५९, अशी सलग तीन वर्षं मॅगिलच्या तळघरात गुपचूप ग्रेंज बनत राहिली.

मात्र चोरून काम करायचं म्हणजे त्याची किंमत असतेच. नवीन बॅरल घ्यायला पैसे मागायचे कुणाकडं? ज्या वाईनचा जीवच कोऱ्या लाकडात होता, ती मॅक्सला जुन्या, वापरलेल्या बॅरलमध्ये भरावी लागली. प्रमाणही कमी ठेवावं लागलं. या तीन वर्षांच्या ग्रेंजमध्ये काहीतरी कमी राहिलं, हे मॅक्सनं स्वतः मान्य केलं होतं. वाईन शौकीन आजही त्यांना लपवलेल्या ग्रेंज म्हणून ओळखतात.

इकडं तळघरातल्या जुन्या बाटल्या आपलं काम करत होत्या. १९५१ आणि १९५५ ची वाईन आता बरीच मुरली होती. ज्यांच्याकडं बाटल्या होत्या त्यांनी त्या पुन्हा उघडल्या आणि कौतुकाची कुजबुज सुरू झाली. ती सिडनीपर्यंत पोचली. संचालकांनी पुन्हा चाखून बघितली. यावेळी त्यांना ती आवडली आणि १९६० च्या हंगामाआधी आदेश निघाला की ग्रेंज पुन्हा सुरू करा.

मॅक्सला पुन्हा सुरू करायची गरजच नव्हती, कारण ती बंद पडलीच नव्हती. १९५१ पासून आजपर्यंत ग्रेंजचं एकही वर्ष चुकलेलं नाही, ते या लपवाछपवीमुळंच.

१९६२ मध्ये सिडनीच्या वाईन स्पर्धेत १९५५ च्या ग्रेंजनं सुवर्णपदक मारलं. सिडनीतल्याच टेस्टिंगमध्ये नापास झालेल्या बाटल्यांमध्ये ही १९५५ चीही होती. पुढं याच १९५५ च्या ग्रेंजनं ५० हून जास्त सुवर्णपदकं जमवली. १९७९ मध्ये तर पॅरिसमध्ये भरलेल्या वाईन ऑलिम्पियाडमध्ये शिराझच्या गटात १९७१ ची ग्रेंज पहिली आली. फ्रान्समधून कल्पना उचलून आणलेल्या माणसाच्या वाईननं फ्रान्सच्याच राजधानीत बाजी मारली.

त्याच वर्षी कॅनबेरामधल्या एका परिसंवादात मॅक्सनं स्वतः ग्रेंजची सगळी हकीकत जाहीरपणे सांगितली. आज ही गोष्ट इतक्या तपशिलात माहीत आहे ती त्यामुळंच. तोवर तो निवृत्त झाला होता. १९७५ मध्ये त्यानं कामाची सूत्रं डॉन डिटर यांच्याकडं सोपवली होती. १९८४ मध्ये ऑस्ट्रेलियानं त्याला ऑर्डर ऑफ ऑस्ट्रेलियाचा सन्मान दिला. १९८८ मध्ये ब्रिटनच्या डिकँटर मासिकानं त्याला वर्षाचा मानकरी निवडलं. हा मान मिळवणारा तो पहिला ऑस्ट्रेलियन.

६ मार्च १९९४ रोजी मॅक्स शुबर्ट गेला. २००१ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल ट्रस्टनं ग्रेंजला राज्याचा वारसा म्हणून मान दिला. आता नावात हर्मिटेज नाही. ते फ्रान्समधल्या एका प्रसिद्ध वाईन प्रदेशाचं नाव असल्यामुळं युरोपच्या आक्षेपानंतर काढून टाकावं लागलं.

जी १९५१ ची बाटली मॅक्सनं फुकट वाटली होती, तिला अलीकडच्या लिलावांमध्ये एक लाख ऑस्ट्रेलियन डॉलरहून जास्त भाव आलाय. म्हणजे साधारण अर्धा कोटी रुपये आणि त्याहून वर. अशा बाटल्या आता मोजक्याच उरल्यात, कारण ज्यांना त्या मिळाल्या त्यातल्या बहुतेकांनी लगेच उघडून पिऊन टाकल्या.

मॅगिलची वायनरी आजही सुरू आहे आणि तिथली जुनी तळघरं पर्यटकांना बघता येतात. बाहेर टेस्टिंगच्या टेबलावर ग्लास फिरत असतात आणि नव्या वाईनचे निकाल दोन-दोन मिनिटांत लागत असतात. खाली अंधारात मात्र बाटल्या तशाच आडव्या पडून असतात. त्यांना अजून बरीच वर्षं काढायची आहेत.