यंत्राची भाषा, मुलाची भाषा

दीड-दोन वर्षांच्या मुलाला ‘दूध पाहिजे’ म्हणायला कोणी व्याकरण शिकवत नाही. घरातल्यांच्या सहवासात ते आपोआप बोलू लागते. संगणकाचे तसे नाही. त्याच्याकडून साधी बेरीज करून घ्यायची तरी प्रत्येक पायरी काटेकोरपणे लिहून द्यावी लागते. भाषेच्या या दोन्ही टोकांचा अभ्यास करण्यात ज्यांचे आयुष्य गेले, ते शास्त्रज्ञ म्हणजे प्रा. रंगस्वामी नरसिंहन. भारतात तयार झालेल्या पहिल्या इलेक्ट्रॉनिक डिजिटल संगणकाचे काम त्यांच्या नेतृत्वाखाली झाले, आणि तेही मुंबईत.

नरसिंहन यांचा जन्म १९२६ साली मद्रासमध्ये झाला. तिथे अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते अमेरिकेला गेले. कॅलिफोर्नियातील कॅलटेक संस्थेत त्यांनी विद्युत अभियांत्रिकीचे पुढील शिक्षण घेतले आणि इंडियाना विद्यापीठातून गणितात पीएच.डी. केली. १९५४ मध्ये ते डॉ. होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये रुजू झाले. त्या काळात कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने इंग्लंडहून संगणक मागवला होता. टीआयएफआरने मात्र तो स्वतः बांधायचे ठरवले. नरसिंहन यांच्या हाताशी होते काही तरुण अभियंते. संगणक बांधण्याचा अनुभव त्यांच्यापैकी कोणालाच नव्हता.

१९५६ मध्ये छोटे प्रायोगिक यंत्र चालू झाले आणि फेब्रुवारी १९६० मध्ये पूर्ण आकाराचा संगणक कामाला लागला. त्यात सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब, १,७०० डायोड आणि १२,५०० रेझिस्टर होते. हे सगळे बसवायला अठरा फूट लांब आणि आठ फूट उंच लोखंडी सांगाडा लागला. स्मरणशक्तीसाठी चुंबकीय कड्या वापरल्या होत्या. आजच्या हिशेबाने ती जेमतेम दहा किलोबाइट भरते. मोबाइलवर काढलेला एक फोटोसुद्धा तिच्यात मावणार नाही. १९६२ मध्ये कुलाब्याच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला पंतप्रधान नेहरू आले, तेव्हा या यंत्राचे ‘टिफरॅक’ असे नामकरण झाले.

टिफरॅकला फक्त शून्य आणि एक समजत असे. शास्त्रज्ञाने आपले गणित त्या आकड्यांच्या साखळीत मांडायचे, कागदी फितीवर भोके पाडून ते यंत्राला द्यायचे आणि उत्तराची वाट पाहायची. एक भोक चुकले तरी सगळे उत्तर चुकायचे. माणसाला लिहायला सोपी आणि यंत्राला निःसंदिग्धपणे कळेल अशी मधली भाषा हवी होती. अमेरिकेत जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये आणलेली फोरट्रान ही त्यातली एक. १९६४ मध्ये टीआयएफआरमध्ये सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला आणि इथले संशोधकही फोरट्रानमध्ये लिहू लागले. नरसिंहन मात्र अधिक मुळाशी गेले. यंत्र आणि त्याची भाषा या दोन्हींना एकाच सिद्धान्ताच्या चौकटीत कसे बसवता येईल, याची मांडणी त्यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दीर्घ लेखात केली.

त्याआधी १९६१ ते १९६४ या काळात ते अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात होते. अणूपेक्षा सूक्ष्म कणांच्या वाटा दाखवणारी हजारो छायाचित्रे तिथे माणसांना डोळ्यांनी तपासावी लागत. शब्दांची वाक्ये होतात, तशी रेषा आणि वळणांची चित्रे होतात; मग चित्रालाही व्याकरण का असू नये, असा विचार नरसिंहन यांनी केला. हीच पद्धत पुढे त्यांनी हाताने लिहिलेली इंग्रजी अक्षरे यंत्राकडून ओळखून घेण्यासाठी वापरली. या विषयात पाया घालणाऱ्यांमध्ये त्यांचे नाव घेतले जाते.

१९६५ मध्ये स्थापन झालेल्या कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडियाचे ते पहिले अध्यक्ष. सीएमसी या सरकारी कंपनीचेही ते पहिले अध्यक्ष होते. १९७८ मध्ये आयबीएम भारतातून गेल्यावर तिच्या संगणकांची देखभाल याच कंपनीने सांभाळली. पुढे रेल्वे आरक्षणाचे संगणकीकरणही तिनेच केले. आज कल्याणच्या आरक्षण खिडकीवर काही मिनिटांत तिकीट हातात पडते, त्याची सुरुवात तिथे झाली. १९७७ मध्ये नरसिंहन यांना पद्मश्री मिळाली.

या सगळ्या व्यापात त्यांचे मन ओढले गेले ते लहान मुलांच्या बोलण्याकडे. १९७० च्या दशकापासून त्यांनी या विषयाला वाहून घेतले आणि त्यावर पुस्तके लिहिली. यंत्राची भाषा नियमांच्या वहीत पूर्ण मावते; मुलाची भाषा तशी मावत नाही, हे त्यांना दिसले होते. मूल बोलते ते काहीतरी मिळवण्यासाठी, कोणाला बोलावण्यासाठी, नकार देण्यासाठी, विचारण्यासाठी. समोरचा माणूस प्रतिसाद देतो, त्यावर मूल पुन्हा काही करते. म्हणून भाषेकडे त्यांनी वागणुकीचा एक भाग म्हणून पाहिले. व्याकरणाचे नियम माणसाच्या मेंदूत जन्मजात असतात, असे मानणारा विचार तेव्हा जगभर जोरात होता. त्यापेक्षा ही वाट वेगळी होती.

पालकांसाठी या विचाराचे मोल आज वाढले आहे. जेवण भरवताना मुलाच्या हाती मोबाइल दिला की मूल गप्प बसते. पण पडदा त्याच्या ‘हं’ला थांबत नाही आणि बोटाने दाखवलेल्या कावळ्याचे नाव सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार एक वर्षाच्या मुलासाठी पडद्यासमोर बसणे योग्य नाही आणि दोन वर्षांच्या मुलासाठी दिवसाला एक तासापेक्षा अधिक नको. दोन वर्षांचे झाले तरी मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर ‘होईल हळूहळू’ म्हणून थांबू नये. त्याचे ऐकणे तपासून घ्यावे आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

टीआयएफआरमधून निवृत्त झाल्यावर नरसिंहन बंगळूरुला राहिले. सप्टेंबर २००७ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले. बुद्धिमत्ता, यंत्र आणि भाषा यांविषयीचे त्यांचे लेखन अखेरच्या वर्षांपर्यंत चालू होते.