पक्षीतज्ज्ञ सलीम अलींचं नाव एका वटवाघळाला कसं मिळालं?

इंदापूर तालुक्यातलं वरकुटे घ्या नाहीतर बारामतीकडचं कुठलंही गाव. पेरू आणि डाळिंबाच्या बागायतदाराला वटवाघूळ काय चीज आहे हे सांगावं लागत नाही. दिवसा जुन्या वडावर उलटं लटकायचं आणि रात्री पिकल्या फळावर ताव मारायचा. म्हणून तर बागांवर जाळ्या येतात.

पण सगळी फळखाऊ वटवाघळं एक नसतात. त्यातल्या एका जातीचं नाव आहे सलीम अलींचं वटवाघूळ. आता सलीम अली म्हणजे पक्ष्यांचा माणूस. मग हे वटवाघूळ मध्येच कुठून आलं?

तर त्यासाठी आधी सलीम अलींकडे जाऊ.

12 नोव्हेंबर 1896. मुंबईच्या खेतवाडीत जन्म, भावंडांत सगळ्यात धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले, तिसऱ्या वर्षी आई. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी सगळ्या पोरांना वाढवलं.

मामा शिकारीचे शौकीन. त्यांनी भाच्याला छर्ऱ्याची बंदूक दिली आणि भाचा चिमण्या टिपत सुटला. एक दिवस एक चिमणी पडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग. ही कुठली, हे मामांनाही सांगता येईना. त्यांनी पोराला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत, म्हणजे बीएनएचएसमध्ये, मिलर्ड साहेबांकडे पाठवलं. साहेबांनी चिमणी ओळखली आणि कपाटाचे खण उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी दाखवले. प्रत्येकाच्या पायाला चिठ्ठी होती: कुठे मिळाला, कधी, कोणाला.

ती चिठ्ठी लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

पुढचं आयुष्य सरळ नव्हतं. घरच्या धंद्यासाठी ब्रह्मदेशात तवॉयला गेले, पण धंद्यापेक्षा जंगलात जास्त रमले. 1918 साली तहमिना यांच्याशी लग्न झालं. 1926 मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मार्गदर्शक-व्याख्याता म्हणून नोकरी मिळाली. मग बर्लिनला जाऊन श्ट्रेसमान यांच्या हाताखाली शिकून आले. 1930 मध्ये परत येऊन बघतात तर पैसे नाहीत म्हणून ती जागाच रद्द झालेली.

जर्मनीत शिकून आलेला माणूस घरी बसला. दोघं अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेली. तिथल्या झाडांवर सुगरणीची घरटी होती. बेकार माणसाकडे वेळच वेळ. सलीम अली रोज बघत बसले आणि नोंदी करत गेले. नर घरटं अर्धवट विणतो, मादी येऊन पाहते, पसंत पडलं तर राहते आणि नर पुढचं घरटं विणायला घेतो. या अभ्यासाने त्यांचं नाव झालं.

नंतर हैदराबाद, त्रावणकोर अशा संस्थानांची पक्षी-पाहणी त्यांनी केली. पगार नको, फक्त फिरण्याचा खर्च द्या, अशी अट. सोबत तहमिना असायच्या. 1939 मध्ये एका साध्या शस्त्रक्रियेनंतर त्या गेल्या. दोन वर्षांनी, 1941 मध्ये, भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं प्रसिद्ध पुस्तक आलं.

या भटकंतीमागे एक प्रश्न कायम होता: कुठला पक्षी कुठपर्यंत आढळतो आणि तिथपर्यंतच का? महाधनेश सह्याद्रीत आहे आणि थेट हिमालयाच्या पायथ्याशी, मधल्या प्रदेशात नाही. मग तो पोचला कसा? एकेकाळी सातपुड्याच्या रांगेतून जंगलाची सलग वाट असावी, ही कल्पना त्यांनी 1949 मध्ये पक्ष्यांना लावून पाहिली.

आता वटवाघूळ.

1948 मध्ये तामिळनाडूतल्या हाय वेव्ही डोंगरात, आजच्या मेघमलईत, अँगस हटन या मळेवाल्या निसर्गप्रेमीला एक फळखाऊ वटवाघूळ मिळालं. नमुना बीएनएचएसकडे आला. ओळख ठरली आखूड नाकाचं फळखाऊ वटवाघूळ, म्हणजे भारतभर दिसणारी नेहमीची जात. चिठ्ठी लागली, खण बंद झाला.

याच काळात सोसायटीचेही हाल होते. इंग्रज सभासद निघून गेले, पैसा आटला. सलीम अलींनी पंडित नेहरूंकडून मदत मिळवली म्हणून संस्था तगली. ती बुडाली असती तर त्या कपाटांचं काय झालं असतं, विचार करा.

सुमारे दोन तपांनी थायलंडचे प्राणिशास्त्रज्ञ किट्टी थोंगलोंग्या यांनी तो नमुना नीट तपासला. आखूड नाकाच्या वटवाघळाला छोटी शेपूट असते, याला नव्हतीच. खालच्या जबड्यात पुढचे दात चार हवेत, इथे दोनच. म्हणजे जात नवी होतीच, ती बसवायला प्रजातीही नवी करावी लागली. 1972 मध्ये सोसायटीच्याच नियतकालिकात त्यांनी ती जाहीर केली आणि नाव दिलं लॅटिडेन्स सलिमअली.

गंमत बघा, चिठ्ठीवरची जागा बरोबर होती, जातीचं नाव तेवढं चुकलेलं. त्या एका चुकीमुळे जगात इतरत्र कुठेच नसलेला प्राणी 24 वर्षं नेहमीच्या जातीच्या नकाशात हरवला होता.

20 जून 1987 ला सलीम अली गेले, तेव्हाही जगाला या जातीचा तो एकच नमुना माहीत होता. जात शिल्लक आहे की संपली, हेच कळत नव्हतं. 1993 मध्ये ती दक्षिण भारतात पुन्हा सापडली. मग मेघमलईच्या पलीकडे, तामिळनाडूतल्या कळक्काड-मुंडन्थुराईत आणि केरळच्या पेरियारमध्येही दिसली. आज ती धोक्यातल्या जातींच्या यादीत आहे.

कायद्याचं चित्र मात्र अजब होतं. फळखाऊ वटवाघळं बरीच वर्षं उंदीर-कावळ्यांच्या रांगेत उपद्रवी प्राणी म्हणून नोंदलेली. सलीम अलींचं वटवाघूळ हा त्याला अपवाद, त्याला वाघाच्या बरोबरीने पहिल्या अनुसूचीत जागा मिळाली. 2022 च्या दुरुस्तीत ती उपद्रवी अनुसूचीच काढून टाकली.