विश्लेषण : ‘ब्लूप्रिंट’च्या निळ्या रंगातून जगातले पहिले फोटोबुक... कोण होत्या अ‍ॅना अ‍ॅटकिन्स?

बदलापुरात घराचा नकाशा असो वा अंबरनाथ एमआयडीसीतल्या वर्कशॉपमधले ड्रॉइंग, जुन्या जाणत्यांच्या तोंडी आजही ‘ब्लूप्रिंट’ हाच शब्द येतो. कागद पांढरा झाला, नाव निळेच राहिले. हे ब्लूप्रिंट ज्या सायनोटाइप पद्धतीतून आले, त्याच पद्धतीने एका महिलेने फोटोंचे पहिले पुस्तक तयार केले. तिचे नाव मात्र विस्मरणात गेले.

सायनोटाइप म्हणजे काय?

इंग्लंडचे शास्त्रज्ञ सर जॉन हर्षल यांनी १८४२ मध्ये ही पद्धत शोधली. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांचे द्रावण मंद उजेडात कागदावर लावून सुकवायचे. त्यावर पान किंवा ट्रेसिंग ठेवून कागद उन्हात धरायचा. अतिनील किरण पडतात तिथे पाण्यात न विरघळणारा ‘प्रशियन ब्लू’ तयार होतो. झाकलेल्या भागातले रसायन पाण्याने धुऊन जाते आणि तिथे पांढरी आकृती उरते. कॅमेरा लागत नाही, महागडे चांदीचे क्षारही लागत नाहीत.

अ‍ॅना यांनी काय केले?

अ‍ॅना यांचा जन्म १६ मार्च १७९९ रोजी केंट परगण्यातील टनब्रिजचा. आई लवकर गेली. वडील जॉन जॉर्ज चिल्ड्रन हे शास्त्रज्ञ आणि हर्षल यांचे स्नेही. वडिलांनी भाषांतर केलेल्या शंखशिंपल्यांवरील ग्रंथासाठी अ‍ॅना यांनी अडीचशेहून अधिक चित्रे काढली होती.

१८४१ मध्ये ब्रिटिश शेवाळांवर विल्यम हार्वे यांचे पुस्तक आले, पण त्यात चित्रे नव्हती. इतके नाजूक तंतू हाताने अचूक रेखाटणे अवघड. अ‍ॅना यांनी सुकवलेले शेवाळच कागदावर ठेवून प्रिंट काढल्या. पहिला भाग ऑक्टोबर १८४३ मध्ये आला आणि काम १८५३ पर्यंत चालले. प्रत्येक प्रतीचे प्रत्येक पान उन्हात स्वतंत्रपणे तयार केलेले!

मग नाव मागे का पडले?

पुस्तकात पूर्ण नावाऐवजी ‘ए. ए.’ एवढीच आद्याक्षरे होती. त्यांचा अर्थ ‘अनॉनिमस अमॅच्युअर’, म्हणजे अनामिक हौशी, असा तर्क पुढे एका संग्राहकाने केला. विल्यम टॅलबट यांचे ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ १८४४ मध्ये, म्हणजे नंतर आले. तरी अनेक वर्षे पहिलेपणाचा मान त्यालाच दिला जाई. ९ जून १८७१ रोजी अ‍ॅना यांचे निधन झाले. त्यांच्या कामाची खरी दखल विसाव्या शतकात घेतली गेली.

आज करून पाहता येईल का?

हो. हातमोजे घाला, रसायने मुलांपासून आणि अ‍ॅसिडपासून दूर ठेवा. पावसाळ्यात उगवलेल्या नेच्याचे पान वाळवून ठेवा आणि ऊन पडले की गच्चीवर प्रिंट काढा. खाली सही करताना मात्र पूर्ण नाव लिहा.