श्वापदाचे नाव न सांगणारा बिशप

इ. स. १७७. रोमन साम्राज्यातील गॉल प्रांताचे लुग्दुनम, म्हणजेच आजच्या फ्रान्समधील लिआँ शहर. तत्त्वचिंतक म्हणून ज्याचा लौकिक होता, तो मार्कस ऑरेलियस तेव्हा रोमच्या गादीवर होता. त्याच्याच राज्यात या शहरातील ख्रिस्ती लोकांना आधी स्नानगृहे व बाजार बंद झाले, मग जमावाचा मार बसला आणि अखेर हिंस्र पशूंपुढे त्यांना उभे करण्यात आले. हे लोक माणसाचे मांस खातात, अशी अफवा गावभर होती. नव्वदी उलटलेला बिशप पोथिनस दोन दिवसांत तुरुंगातच मरण पावला. ब्लँडिना नावाच्या दासीचा छळ करणारेच अखेरीस थकून गेले. मृतांची राख ऱ्होन नदीत लोटण्यात आली. पुनरुत्थानाची आशाही मागे उरू नये, हा त्यामागील हेतू.

बंदिवानांनी रोमच्या बिशपसाठी लिहिलेले पत्र घेऊन जो धर्मगुरू निघाला, त्याचे नाव इरेनिअस. पत्राचा विषयही लक्षात घेण्याजोगा आहे. आशिया मायनरमधील फ्रिजिया भागात मोंटानस व त्याच्या दोन सहकारी स्त्रिया नव्या भविष्यवाण्या करीत होत्या आणि त्यावरून मंडळ्यांमध्ये दुही माजली होती. मृत्यूच्या दारात उभी असलेली माणसे या वादात समेट व्हावा म्हणून लिहीत होती. इरेनिअस परतला, तेव्हा पोथिनसची रिकामी जागा त्याच्याकडे आली.

तो मूळचा आशिया मायनरचा. स्मर्ना येथे बालपणी त्याने वृद्ध बिशप पॉलिकार्पला पाहिले व ऐकले होते. प्रेषित योहानाच्या सहवासात राहिलेला म्हणून पॉलिकार्प ओळखला जाई. त्यालाही पुढे रोमन अधिकाऱ्यांनी ठार केले. पॉलिकार्प कोठे बसून बोलत असे, कसा चालत असे, हे इरेनिअसला उतारवयातही अलीकडच्या घटनांपेक्षा स्पष्ट आठवे.

इ. स. १८०च्या सुमारास त्याने पाखंडी मतांच्या खंडनासाठी पाच भागांचा ग्रंथ ग्रीकमध्ये लिहिला. केल्ट लोकांत राहून आपली भाषा रांगडी झाली आहे, अशी कबुली तो आरंभीच देऊन टाकतो. पाचव्या भागात तो जगाच्या अंताकडे वळतो. दानीएलाने पाहिलेले दहा शिंगांचे चौथे श्वापद म्हणजे सध्या राज्य करणारे साम्राज्य. ते दहा राजांत विभागले जाईल आणि त्यानंतर ख्रिस्तविरोधक येईल, असा त्याचा अर्थ. हा अर्थ मांडणारा मनुष्य त्याच साम्राज्याचा प्रजाजन होता, हे विसरता येत नाही.

प्रकटीकरणाच्या पुस्तकात श्वापदाचा अंक ६६६ आहे. ग्रीक अक्षरांना अंकमूल्य असल्याने या अंकाचे नाव शोधण्याचा छंद तेव्हाही होता. काही प्रतींत ६१६ असा अंक होता. तो लेखनिकांचा प्रमाद ठरवून इरेनिअसने जुन्या प्रतींची व योहानाला प्रत्यक्ष पाहिलेल्यांची साक्ष काढली. (इजिप्तमधील ऑक्सिरिंकस येथे सापडलेला ६१६ हा अंक असलेला पपायरसचा तुकडा १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला.) मग त्याने तीन नावे मांडून पाहिली: एवांथस, लातिनोस आणि तैतान. लातिनोस जुळते, कारण राज्य लॅटिन लोकांचेच आहे. तैतान अधिक संभाव्य. एवढे सांगून तो थांबला. नाव उघड होणे आवश्यक असते, तर ज्याला दर्शन झाले त्यानेच ते सांगितले असते, आणि ते दर्शन तर डोमिशियनच्या कारकिर्दीच्या अखेरीस, जवळजवळ आपल्याच पिढीत झाले, असा त्याचा युक्तिवाद. चुकीच्या नावाची खात्री बाळगणाऱ्याला खरा ख्रिस्तविरोधक आला तरी ओळखता येणार नाही, ही त्याची खरी भीती.

नीरोचे नाव आजचे बहुतेक अभ्यासक सुचवतात. इरेनिअसच्या यादीत ते नाही. आपले सहकारी ज्याच्या राज्यात मारले गेले, त्या सम्राटाचे नाव तर नाहीच. उलट रोमनांमुळे जगात शांतता आहे, रस्त्याने व समुद्रातून निर्भयपणे जाता येते, हेही तो मोकळेपणाने लिहितो. राज्यसत्ता सैतानाने नव्हे, देवाने नेमली, असे त्याचे मत होते. लिआँच्या घटनेनंतर हे लिहिणे सोपे नसावे.

इ. स. १९०च्या सुमारास ईस्टरच्या तारखेवरून रोमचा बिशप व्हिक्टर आशियातील मंडळ्यांना बहिष्कृत करू लागला, तेव्हा त्याला आवरणाऱ्यांत इरेनिअस होता. इरेनिअस या ग्रीक नावाचा अर्थच शांतताप्रिय. त्याचा मृत्यू इ. स. २००च्या आसपास झाला. तो हुतात्मा झाल्याची परंपरा आहे, पण तिचा आधार उत्तरकालीन आहे. त्याची कबर १५६२ मध्ये धर्मयुद्धात उद्ध्वस्त झाली. २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्याला चर्चचा आचार्य घोषित केले.

त्याच्या ग्रंथाची मूळ ग्रीक प्रत बहुतांशी हरवली. लॅटिन भाषांतर मात्र संपूर्ण टिकले. अंतानंतर पृथ्वीवरच संतांचे राज्य येईल आणि एकेका द्राक्षवेलीला दहा हजार फांद्या फुटतील, असे सांगणारी त्यातील शेवटची प्रकरणे पुढच्या पिढ्यांना अवघड वाटली. अनेक हस्तलिखितांतून ती गाळली गेली. १५७५ च्या आवृत्तीत ती छापली गेली.