जमशेटजी टाटा

जमशेटजी नसरवानजी टाटा (जन्म : नवसारी, ३ मार्च १८३९, मृत्यू : बाड नाउहाइम, जर्मनी, १९ मे १९०४) हे भारतातील आधुनिक उद्योगांचे आद्य प्रवर्तक व टाटा उद्योगसमूहाचे संस्थापक होते. वाढत्या उद्योगाला भांडवलाबरोबरच कर्तबगार व्यवस्थापक, प्रशिक्षित माणसे, तज्ज्ञांचा सल्ला आणि कामगारांच्या हिताची कायमस्वरूपी तरतूद लागते, हे त्यांनी नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये प्रत्यक्षात आणले. त्यांच्या पोलाद कारखान्याच्या संकल्पाचा उगम तत्कालीन चांदा जिल्ह्यात आहे. आजच्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांचा प्रदेश त्या वेळी या एकाच जिल्ह्यात मोडत असे.

सुरुवातीचे जीवन

जमशेटजींचा जन्म नवसारी येथील पारशी पुरोहित घराण्यात झाला. त्यांचे वडील नसरवानजी यांनी घराण्याची परंपरा सोडून मुंबईत व्यापार सुरू केला होता. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातील शिक्षण १८५८ मध्ये पूर्ण करून जमशेटजी वडिलांच्या पेढीत दाखल झाले. व्यापारानिमित्त त्यांनी हाँगकाँग व इंग्लंड येथे वास्तव्य केले. १८६८ मध्ये २१,००० रुपयांच्या भांडवलावर त्यांनी स्वतःची पेढी स्थापन केली. पुढच्या वर्षी चिंचपोकळी येथील दिवाळखोरीत निघालेली तेलगिरणी घेऊन तिचे कापडगिरणीत रूपांतर केले व दोन वर्षांत ती नफ्यात विकली. त्यानंतर लँकेशायरमधील वस्त्रोद्योगाचा त्यांनी जवळून अभ्यास केला.

एम्प्रेस मिल

मुंबई सोडून गिरणीसाठी त्यांनी नागपूरची निवड केली. कापसाचा प्रदेश आणि रेल्वे, दोन्ही तेथे जवळ होते. १८७४ मध्ये १५ लाख रुपयांच्या भांडवलाची कंपनी स्थापन झाली. निवडलेली जागा दलदलीची असल्याने तेथे भराव घालणे म्हणजे पैसा मातीत पुरणे होय, असे वाटून एका स्थानिक सावकाराने कर्ज नाकारले. तरीही १ जानेवारी १८७७ रोजी गिरणी सुरू झाली.

आरंभी यंत्रसामग्री स्वस्तातली घेतली गेली होती. ही काटकसर अंगलट आल्यावर जमशेटजींनी उत्तम यंत्रे बसवली आणि रिंग पद्धतीच्या चात्यांचा प्रयोग केला. व्यवस्थापनाची धुरा त्यांनी बेझनजी दादाभाई मेहता यांच्यावर सोपवली. मेहता रेल्वेच्या नोकरीतून आले होते व त्यांना कापडधंद्याचा पूर्वानुभव नव्हता. मात्र त्यांची कार्यशक्ती जमशेटजींनी ओळखली होती. सुशिक्षित तरुणांना उमेदवार म्हणून घेऊन गिरणीच्या निरनिराळ्या खात्यांत शिकवण्याची पद्धत त्यांनी घातली. कामगारांची गैरहजेरी ही मोठी अडचण होती. तिच्यावर वार्षिक बक्षीस समारंभ, तसेच १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी व १८९५ मध्ये अपघात भरपाई अशा योजना आखण्यात आल्या. त्या काळी अशा तरतुदींची कायद्याने सक्ती नव्हती. गिरणीत हवा खेळती व दमट ठेवणारी आणि आग विझवणारी साधनेही बसवण्यात आली. १८८७ मध्ये थोरले पुत्र दोराबजी व नातेवाईक रतनजी दादाभाई टाटा यांना बरोबर घेऊन त्यांनी टाटा अँड सन्स ही पेढी स्थापन केली. त्यामुळे कारभार एका व्यक्तीपुरता राहिला नाही.

चांदा जिल्ह्यातील शोध

१८८२ मध्ये रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यातील लोहउद्योगाविषयीचा अहवाल जमशेटजींच्या वाचनात आला. लोहारा येथील खनिज उत्तम प्रतीचे असून वरोऱ्याचा कोळसा त्यापासून फार दूर नव्हता. परंतु हा कोळसा लोखंड गाळण्यास योग्य ठरला नाही. खाणकामाच्या सरकारी अटीही जाचक होत्या. योजना बाजूला ठेवावी लागली. तथापि या विषयावरील माहिती जमवण्याचे काम त्यांनी सोडले नाही.

१८९९ मध्ये लॉर्ड कर्झन यांच्या राजवटीत खनिजविषयक नियम सैल झाले. १९०२ मध्ये जमशेटजी अमेरिकेला गेले व चार्ल्स पेज पेरिन या सल्लागार अभियंत्याची त्यांनी नेमणूक केली. पेरिन यांनी पाठवलेले भूवैज्ञानिक सी. एम. वेल्ड, दोराबजी व शापूरजी सकलातवाला यांनी चांद्याच्या जंगलात बैलगाड्यांनी हिंडून पाहणी केली. रणरणते ऊन, पाण्याची टंचाई व वाघांचे भय यांना तोंड देत केलेल्या या पाहणीत खनिज विखुरलेले व मोठ्या कारखान्यास अपुरे असल्याचे आढळले. हा निष्कर्ष सरकारला कळवण्यासाठी दोराबजी नागपूरला गेले असता एका भूवैज्ञानिक नकाशावर दुर्ग जिल्ह्यातील लोहसाठ्याची खूण त्यांच्या दृष्टीस पडली. शोध पूर्वेकडे वळला. पुढे भूवैज्ञानिक प्रमथनाथ बोस यांच्या पत्रामुळे मयूरभंज संस्थानातील खनिजाचा मार्ग खुला झाला.

निधन व वारसा

शोध अपुरा असतानाच जमशेटजींचे निधन झाले. योजना मात्र थांबली नाही; सल्लागार, पेढी व सहकारी यांची घडी बसलेली होती. १९०७ मध्ये टाटा आयर्न अँड स्टील कंपनी स्थापन झाली व तिचे भांडवल सुमारे ८,००० भारतीयांनी उभे केले. १९१२ मध्ये साकची येथे पोलाद निघाले आणि त्याच वर्षी कंपनीने आठ तासांचा कामाचा दिवस सुरू केला. रुंद रस्ते, सावलीची झाडे व मोकळी मैदाने असलेली कामगार वसाहत जमशेटजींनी १९०२ मध्येच दोराबजींना पत्राने सुचवली होती. १९१९ मध्ये साकचीस जमशेदपूर हे नाव देण्यात आले. उच्च संशोधनासाठी त्यांनी आखलेली विज्ञान संस्थाही त्यांच्या पश्चात १९०९ मध्ये बंगळूर येथे स्थापन झाली.

ज्या लोहाऱ्यावरून पोलादाचा पहिला विचार सुचला, तेथे टाटांचा कारखाना उभा राहिला नाही. नकाशावर सापडलेल्या दुर्ग जिल्ह्यातील दल्ली-राजहराचे खनिज पुढे भिलाईच्या सरकारी पोलाद कारखान्यास उपयोगी पडले.