विश्लेषण : ‘फायरबॉल’ रॉबर्ट्सच्या मृत्यूने मोटार शर्यती कशा बदलल्या?

अमेरिकेतील ‘डेटोना ५००’ ही स्टॉक कार प्रकारातील सर्वांत प्रतिष्ठेची शर्यत. १९६२ मध्ये ती जिंकणारा ग्लेन ‘फायरबॉल’ रॉबर्ट्स दोनच वर्षांनी एका शर्यतीत होरपळला आणि वयाच्या ३५ व्या वर्षी मरण पावला. आज चालकांच्या अंगावर अग्निरोधक पोशाख असतो, गाडीत सहजी न फुटणारी इंधन टाकी असते. हे बदल घडण्यामागे त्याच्या मृत्यूचा मोठा वाटा आहे.

‘फायरबॉल’ हे नाव कसे पडले?

या नावाचा आगीशी संबंध नव्हता. रॉबर्ट्सचा जन्म २० जानेवारी १९२९ रोजी फ्लोरिडातला. शाळकरी वयात तो बेसबॉल खेळे. त्याच्या वेगवान चेंडूफेकीमुळे मित्र त्याला ‘फायरबॉल’ म्हणू लागले आणि तेच नाव कायम झाले.

डेटोनाचे यश किती मोठे?

स्टॉक कार म्हणजे दिसायला रस्त्यावरच्या मोटारीसारखी, पण शर्यतीसाठी बदललेली गाडी. डेटोनाचा अडीच मैलांचा ट्रॅक १९५९ मध्ये सुरू झाला. त्याची वळणे ३१ अंशांत तिरकी असल्याने गाड्यांना तिथे फारसा वेग कमी करावा लागत नाही. १९६१ मध्ये रॉबर्ट्स २०० पैकी १७० फेऱ्या आघाडीवर होता. मात्र शेवटच्या टप्प्यात इंजिनाने दगा दिला. पुढच्याच वर्षी स्मोकी युनिक या नामांकित मेकॅनिकने तयार केलेल्या पाँटिअ‍ॅकमधून, ताशी सुमारे २४५ किलोमीटरच्या सरासरी वेगाने त्याने ही शर्यत जिंकली. कारकीर्दीत त्याने ३३ शर्यती जिंकल्या, वार्षिक अजिंक्यपद मात्र कधीच मिळाले नाही.

अपघात कसा झाला?

२४ मे १९६४. शार्लट येथील ‘वर्ल्ड ६००’ शर्यतीची सातवी फेरी. पुढे ज्युनिअर जॉन्सन आणि नेड जॅरेट यांच्या गाड्या एकमेकींवर आदळल्या. त्यांना चुकवताना रॉबर्ट्सची फोर्ड भिंतीवर धडकून उलटली आणि पेट्रोलने पेट घेतला. जॅरेटने धावत जाऊन त्याला बाहेर ओढले, पण तोवर तो गंभीर भाजला होता. सुमारे सहा आठवडे झुंज दिल्यावर न्यूमोनिया आणि जंतुसंसर्गामुळे २ जुलै रोजी त्याचा मृत्यू झाला.

पोशाखाने संरक्षण का दिले नाही?

तेव्हा चालक सुती कपडे अग्निरोधक रसायनात बुडवून वापरत. दम्याचा त्रास असल्याने रॉबर्ट्सला ही रसायने सोसत नसत, त्यामुळे त्याचा पोशाख साधाच होता, असे सांगितले जाते.

नंतर काय बदलले?

त्याच्या अपघातानंतर सहाच दिवसांनी ‘इंडियानापोलिस ५००’ शर्यतीत एडी सॅक्स आणि डेव्ह मॅकडोनाल्ड या चालकांचा आगीत मृत्यू झाला. आता टाळाटाळ शक्य नव्हती. पुढील काही वर्षांत ‘फ्युएल सेल’ आले. त्यात इंधन मजबूत रबरी पिशवीत असते आणि आतल्या स्पंजसारख्या फोममुळे धडक बसली तरी ते सहसा उसळून बाहेर पडत नाही. कपड्यांसाठी ‘नोमेक्स’ हा मुळातच आगीला दाद न देणारा धागा आला.

२०१४ मध्ये ‘नॅसकार हॉल ऑफ फेम’मध्ये रॉबर्ट्सचा समावेश झाला. त्याची कबर डेटोना बीचमध्येच आहे, ज्या ट्रॅकने त्याला नाव मिळवून दिले त्याच्या जवळच.